मराठी पानासाठी डीफॉल्ट अंतरं ठरवताना

इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडून मजकूर ओतला की काही आकडे न मागता पदरात पडतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के. जस्टिफाय केलेल्या, म्हणजे दोन्ही कडांना टेकवलेल्या, ओळीत दोन शब्दांमधली जागा कमीत कमी ८० टक्के, शक्यतो १००, जास्तीत जास्त १३३. इंग्रजी पुस्तकाला हे आकडे बरे चालतात. मराठी कादंबरी त्यावर लावली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात आणि शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

आमच्याकडे यावर ज्याचा तो इलाज करायचा. कुणी ओळ निवडून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवायचं, कुणी लेडिंग (ओळींमधलं अंतर) पाव पॉइंटानं ओढायचं, कुणी सरळ लेखकाचा एखादा ‘सुद्धा’ उडवायचं. एकाच पुस्तकातली दोन प्रकरणं दोन वेगळ्या छापखान्यांतून आल्यासारखी दिसायची. पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे जुने फाँट सोडून युनिकोडवर यायचं ठरलं, तेव्हा मी प्रकाशकांना म्हटलं, फाइली नव्यानं कराव्याच लागणार आहेत तर अंतरांचे आकडे एकदाच बसून ठरवू आणि टेम्प्लेटमध्ये घालून ठेवू. त्यांनी मान डोलावली, पण एक अट घातली: पानं वाढता कामा नयेत.

म्हणून सुरुवात लेडिंगपासून केली, कारण पानं तिथेच वाढतात.

डेमी १/८ आकाराचं नेहमीचं पुस्तक, मजकुराची रुंदी २४ पायका म्हणजे २८८ पॉइंट (७२ पॉइंटांचा एक इंच), उंची ४८६ पॉइंट, अक्षर १३ पॉइंटांचं. १२० टक्क्यांनी लेडिंग येतं १५.६. ते पुरतं की नाही हे साध्या परिच्छेदावर कळत नाही. दहापैकी नऊ ओळी निभावून जातात, दहावीत गाडी अडते. मग मी मुद्दाम वाईट ओळी जमवल्या. वरच्या ओळीत ‘उद्धृत’, ‘शत्रूंच्या’, ‘हृदयातून’, ‘पट्ट्यांखाली’, म्हणजे खाली लोंबणारं सगळं. खालच्या ओळीत ‘मूर्तींना’, ‘कीर्तीचा’, ‘ऊर्मींनी’, म्हणजे वर चढणारं. ‘मूर्तींना’मधला ‘र्तीं’ बघा. शिरोरेघेच्या वर वेलांटी, तिच्या टोकाशी रफार, त्याच्या कुशीत अनुस्वार. याच्या बरोबर डोक्यावर ‘उद्धृत’ आणून बसवलं आणि ४०० टक्के मोठं करून पाहिलं. द्धच्या खालचा ऋकार आणि रफार यांच्यात १५.६ ला केसभर फट होती. कागदावर शाई थोडी पसरतेच, ती फट छापताना राहणार नाही.

१७ ला दोन्ही सुटे झाले. १८ ला डोळ्याला बरं वाटू लागलं. १९ ला पान उघडंवाघडं दिसायला लागलं, पट्ट्यापट्ट्यांचं. ४८६ ला १८ नं भाग जातो, पानावर बरोबर २७ ओळी बसतात. हिशोब सरळ होता.

प्रकाशकांचा हिशोब वेगळा होता. “ताई, तीस ओळी बसव की गं. आधीच्या पुस्तकांत बसतच होत्या ना?” २०८ पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानी तेरा फर्मे (एकत्र छापून दुमडलेले सोळा-सोळा पानांचे गठ्ठे). २७ ओळींनी ५६१६ ओळी. त्याच ओळी पानाला ३० घातल्या तर १८८ पानांत मावतात, बारा फर्म्यांत पुस्तक उरकतं. एक फर्मा वाचणं म्हणजे कागद, छपाई, बांधणी सगळ्यात बचत. हे खोटं नाही आणि यावर सौंदर्यशास्त्र सांगून उपयोग नसतो. मी दोन पानं छापून आणली, एक २७ ओळींचं, एक ३० ओळींचं, आपल्याच नेहमीच्या ७० जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर, पाठपोट. तीस ओळींच्या पानावर लेडिंग १६.२ झालं होतं आणि मागच्या पानाची काळी सावली दोन ओळींच्या मधल्या उरल्यासुरल्या पांढऱ्या पट्टीत उतरली होती. त्यांनी दोन्ही पानं खिडकीशी नेऊन वाचली आणि २८ वर तडजोड झाली. लेडिंग १७.३५. आकडा बेंगरूळ आहे, पण बेसलाइन ग्रिडला, म्हणजे सगळ्या ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतराच्या अदृश्य रेघांना, बेंगरूळ आकड्याचं वावडं नसतं.

ग्रिडचा फायदा नंतर कळतो. शीर्षकाच्या वर-खाली सोडलेली जागा लेडिंगच्या पटीत ठेवली, समजा वर दीड ओळ आणि खाली अर्धी, तर शीर्षकानंतरच्या ओळी पुन्हा ग्रिडवर येतात. मग कागदाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसतात आणि ती सावली ओळींमागे लपते. पातळ कागदावर छापणाऱ्यांनी एवढं एक तरी करावंच. परिच्छेदांमध्ये जागा सोडायची की पहिली ओळ आत घ्यायची, याचा निकालही इथेच लागला: पहिली ओळ आत, मध्ये जागा शून्य. अर्ध्या ओळीची जागा सोडली की ग्रिड बिघडतं.

एक सूचना वर्डमध्ये काम करून पाठवणाऱ्या लेखकांसाठी. तिथलं ‘सिंगल’ अंतर फाँटच्या स्वतःच्या उंचीवरून ठरतं, अक्षराच्या आकारावरून नव्हे. र. कृ. जोशींनी आखलेला मंगल पडद्यावर वाचण्यासाठी केलेला फाँट, त्याची उंची त्या मानानं ऐसपैस आहे. त्यात दीडपट अंतर दिलं की पान अर्धं रिकामं दिसतं, आणि तोच मजकूर दुसऱ्या फाँटात नेला की ओळी गचडतात. त्यामुळे ‘माझ्याकडे दोनशे पानं झाली होती, तुमच्याकडे दीडशे कशी?’ या प्रश्नाला अर्थ नाही. मजकूर शब्दसंख्येवर मोजावा.

आता शब्दांमधली जागा. माझा बहुतेक वेळ इथे गेला.

इंग्रजीचे आकडे मराठीला का पुरत नाहीत, हे हिंदीशेजारी ठेवलं की चटकन दिसतं. हिंदीत ‘विद्यार्थियों के लिए भी’ असं चार शब्दांत लिहितात, मध्ये तीन जागा. मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’. शब्द एक, जागा शून्य. आपण विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळं शब्दाला चिकटवतो. म्हणून ओळीत शब्द कमी, शब्दांमधल्या जागा त्याहून कमी, आणि ओळ दोन्ही समासांना टेकवताना उरलेलं सगळं पांढरं त्या थोड्या जागांत कोंबायचं.

एक ओळ मोजून दाखवते. रुंदी २८८ पॉइंट, सात शब्द बसले, मध्ये सहा जागा. पुढचा शब्द ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ मावत नाही म्हणून खाली गेला आणि ३० पॉइंट उरले. सहांत वाटले, प्रत्येकी पाच. मुळात जागा सव्वातीन पॉइंटांची होती, ती झाली सव्वाआठ, म्हणजे अडीच पटीहून जास्त. १३३ टक्क्यांची मर्यादा घातलेली असूनही असं होतं, कारण सॉफ्टवेअरला ओळ कशीबशी भरावी लागते, मग ते मर्यादा ओलांडतं. प्रेफरन्सेसमध्ये कॉम्पोझिशनखाली ‘एच अँड जे व्हायोलेशन्स’ नावाची खूण आहे. ती चालू केली की मर्यादा मोडलेल्या ओळी पिवळ्या होतात, जितकं जास्त मोडलं तितका रंग गडद. आमची जुनी सेटिंग तशीच ठेवून एक प्रकरण उघडलं तर पानं हळदीत लोळल्यासारखी दिसली.

आकडे बदलण्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता: १०० टक्के म्हणजे कशाचे? तर त्या त्या फाँटमध्ये जी स्पेस कोरलेली असते तिचे. आणि ती प्रत्येक फाँटात वेगळी. एकच ओळ एक टाइपच्या मुक्तात, आयआयटी मुंबईच्या शोभिकात, राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रात लावून बघा, अक्षरांची रुंदी सोडाच, जागाही बदलते. त्यामुळे कुणी ‘मी ९० टक्के ठेवतो’ म्हणालं तर फाँट कुठला ते विचारल्याशिवाय त्या ९० ला अर्थ नाही. मोजायला मी सोपी युक्ती केली. इन्सर्ट व्हाइट स्पेसमध्ये ‘क्वार्टर स्पेस’ आणि ‘थर्ड स्पेस’ आहेत, एमचा, म्हणजे अक्षराच्या आकाराएवढ्या रुंदीचा, चौथा आणि तिसरा हिस्सा. एकच वाक्य तीनदा लिहिलं: एकदा साध्या स्पेसनं, एकदा चौथ्या हिश्शानं, एकदा तिसऱ्या हिश्शानं. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, काळातही ‘थिक’ स्पेस एमचा तिसरा हिस्सा, ‘मिड’ चौथा आणि ‘थिन’ पाचवा असायची, म्हणजे मापं तीच.

तिसरा हिस्सा देवनागरीत फार वाटला. कारण शिरोरेघ. रोमन शब्दात अक्षराअक्षरांत थोडं पांढरं असतंच, म्हणून दोन शब्द वेगळे दिसायला त्याहून बरीच मोठी जागा लागते. मराठी शब्द वरून रेघेनं बांधलेला असतो. रेघ तुटली की शब्द संपला, डोळ्याला एवढं पुरतं. चौथा हिस्सा, म्हणजे १३ पॉइंटांत सव्वातीन, नेमका बसला. आम्ही निवडलेल्या फाँटची स्पेस त्याहून मोठी होती, म्हणून ‘शक्यतो’च्या रकान्यात १०० ऐवजी ८५ आले.

कमीत कमी आणि जास्तीत जास्त ठरवायला मदत झाली ती टेक या मजकूर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची. आमच्याकडे एक गणिताचं पुस्तक त्याच्याच झी-लाटेक या रूपात होत होतं. तिथे जागेला ‘ग्लू’ म्हणतात आणि ती किती ताणावी, किती आवळावी हे उघड आकड्यांत दिसतं. टेकचे जनक डोनाल्ड नूथ यांच्या मूळ १० पॉइंटांच्या कॉम्प्युटर मॉडर्न फाँटात जागा ३.३३ पॉइंट, ताण १.६७, आवळ १.११. म्हणजे निम्म्यानं वाढू शकते, एक तृतीयांशानं कमी होऊ शकते. जोनाथन क्यू यांचं झीटेक, म्हणजे टेकचं युनिकोड रूप, आजच्या ओपनटाइप फाँटलाही हेच प्रमाण लावतं. टक्क्यांत मांडलं तर ६७, १००, १५०. इनडिझाइनच्या ८०, १००, १३३ पेक्षा हे बरंच सैल आहे. नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली ओळी तोडण्याची जी पद्धत मांडली तिच्यात अख्खा परिच्छेद एकदम तोलला जातो. सातव्या ओळीतली अडचण तिसऱ्या ओळीत एक शब्द आवळून सोडवता येते. इनडिझाइनचा ओळी पाडणारा पॅरग्राफ कॉम्पोझर त्याच कल्पनेवर चालतो, पण हात बांधलेले असतील तर तोलायला जागाच उरत नाही. ८५ चा तोच हिशोब केला, फक्त खालचा आकडा जास्त धरून ७०, ८५, १३० ठेवले. पिवळ्या ओळी बऱ्याच कमी झाल्या. इनडिझाइनच्या मानानं तिन्ही आकडे खाली आणण्याचं कारण वरचंच: शिरोरेघ असल्यामुळे मराठी शब्द जवळ आले तरी मिसळत नाहीत, लांब गेले की मात्र ओळ फाटते.

लेटर स्पेसिंगचे तिन्ही रकाने शून्य. यावर चर्चा नाही. अक्षरांमध्ये अर्धा टक्का घातला तरी शिरोरेघेला तडे जातात, वजा केलं तर काना शेजारच्या अक्षराच्या पोटात जातो. आमचे जुने कंपोझिटर काका, ज्यांनी तरुणपणी खिळे जुळवले, ते स्क्रीनवर असे तडे बघून म्हणायचे, “आमच्या वेळी असं करायचं म्हटलं असतं तरी करता आलं नसतं. शब्दाच्या मध्ये पट्टी घालणार कुठे?” ट्रॅकिंगचं बटण सोपं झाल्यामुळे आलेलं हे दुखणं आहे.

त्याऐवजी ग्लिफ स्केलिंगला, म्हणजे अक्षर आडवं ताणण्या-आवळण्याला, मी ९८, १००, १०२ दिलं. टायपोग्राफीतले सोवळे लोक यावर नाक मुरडतात, अक्षराचं रूप ताणायचं नाही म्हणतात. रोमनपुरतं ते मला पटतं. देवनागरीत आडवं ताणलं तरी शिरोरेघेची जाडी बदलत नाही, ती जोडलेलीही राहते. बदलते ती उभ्या दांड्याची जाडी, आणि दोन टक्क्यांत ती कुणाला दिसत नाही. २८८ पॉइंटांच्या ओळीत दोन टक्के म्हणजे पावणेसहा पॉइंट मिळतात, सहा जागांचं जवळजवळ एकेक पॉइंटाचं ओझं उतरतं. तीनच्या पुढे मात्र जाऊ नये. शेजारशेजारच्या दोन ओळी जाड-बारीक दिसायला लागतात.

हायफनेशनवरून घरात भांडणं लागावीत तशी आमच्याकडे लागली. मुद्रितशोधक ताई म्हणाल्या, शब्द तोडायचाच नाही. मी म्हटलं, मग खिंडारं सहन करा. जुनी पुस्तकं काढून दाखवली, ओळीच्या शेवटी शब्द तोडलेले त्यांत सर्रास सापडतात. अडचण तोडण्याची नसून कुठे तोडायचं याची आहे. मराठीसाठी टेकमध्ये जे नियम आहेत ते अक्षर फोडत नाहीत, जोडाक्षर अखंड ठेवतात, पण शब्दाचा अर्थ त्यांना कळत नाही. ‘शिक्षकांना’ हा शब्द ‘शिक्षकां-’ आणि ‘ना’ असा तुटला काय नि ‘शिक्ष-’ आणि ‘कांना’ असा तुटला काय, त्यांच्या लेखी एकच. एका प्रूफात ओळ ‘नवरा-’ वर संपली आणि पुढची ‘त्रीच्या उपवासाला’ अशी सुरू झाली. ताईंनी त्यावर लाल पेनानं गोल केला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

शेवटी असं ठरलं: हायफनेशन चालू, पण शब्द लांब असेल तरच, पुढे-मागे किमान तीन वर्ण राहतील असं, आणि लागोपाठ दोनपेक्षा जास्त ओळी हायफननं संपणार नाहीत. डीफॉल्टमध्ये ती मर्यादा तीनची आहे. ज्या शब्दांत विनोद होतो त्यांची यादी ताई ठेवतात. ते शब्द शब्दकोशात घालून कुठे तोडायचे ते सांगून ठेवलंय. प्रूफात एकटा-दुकटा सापडला तर कंट्रोल-शिफ्ट-हायफन दाबून ऐच्छिक हायफन टाकतो, मजकूर सरकला तर तो आपोआप अदृश्य होतो. हातानं साधा हायफन टाकणाऱ्यांना हे कळकळीनं सांगणं आहे, कारण पुढच्या आवृत्तीत फाँट बदलला की ते हायफन ओळीच्या मधोमध उभे राहतात.

यातलं काहीही लागू व्हायचं तर आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. परिच्छेदाचा कॉम्पोझर ‘वर्ल्ड-रेडी’ हवा, नाहीतर वेलांट्या नि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. आणि कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी हवी. भाषा इंग्रजी राहिली असेल तर हायफनेशन कितीही चालू करा, मराठी शब्द तुटणार नाही.

छोट्या जागांचं काम रटाळ, पण एकदा करून टाकावं. ‘डॉ.’ ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत, ‘इ.’ इकडे आणि ‘स.’ तिकडे, ‘पृ.’ नंतरचा आकडा पानाच्या पलीकडे. यासाठी परिच्छेद-स्टाइलमध्येच ग्रेप स्टाइल, म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर आपोआप हुडकणारी स्टाइल, घातली, ती अशा जोड्यांना ‘नो ब्रेक’ लावते. लेखकांकडून येणाऱ्या दुहेरी स्पेसा आणि स्वल्पविरामाआधीच्या स्पेसा फाइंड-चेंजनं आधीच झाडून काढतो. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात मात्रेआधी चुकार स्पेस शिरते, तिथे ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, तेही याच वेळी निघतं. गणिताच्या पुस्तकात आणखी एक भानगड होती. लाटेक पूर्णविरामानंतर थोडी जास्त जागा सोडतं, इंग्रजी वाक्यांसाठी ते ठीक, पण ‘डॉ.’ आणि ‘रु.’ नंतरही ती पडायची. ‘फ्रेंचस्पेसिंग’ची आज्ञा एकदा वर लिहिली की काम झालं.

दिवाळी अंकाला हे आकडे लावून बघितले आणि तिथे ते साफ फसले. तीन कॉलम, एकेक जेमतेम सव्वादोन इंच, ओळीत तीन-चार शब्द. दोन-तीन जागांवर कुठलीच टक्केवारी चालत नाही. माझं मत होतं डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं सोडावं. संपादकांचं म्हणणं, “जाहिरातदार म्हणतील काम अर्धवट ठेवलंय.” काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलीय, तिला उजवीकडची मोकळी कड मी एकटी शिकवणार नव्हते. कथांना दोन कॉलम केले आणि जस्टिफाय ठेवलं. तीन कॉलम फक्त चौकटी आणि परिचयांना राहिले, तिथे मोकळी कड मंजूर झाली.

हे सगळे आकडे कुठे ठेवायचे, हाही प्रश्न होताच. कुठलीही फाइल उघडी नसताना बदललेली सेटिंग पुढच्या सगळ्या नव्या फाइलींना लागते, हे खरं. पण प्रेफरन्सेस रीसेट झाल्या की ती जाते, आणि दुसऱ्या मशीनवर तर नसतेच. म्हणून टेम्प्लेट. त्यातही ‘बेसिक पॅरग्राफ’ स्टाइलला हात लावला नाही. एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत मजकूर चिकटवला की ती स्टाइल तिथली व्याख्या उचलते आणि आपले आकडे गायब होतात. ‘मजकूर-मूळ’ नावाची वेगळी स्टाइल केली, बाकीच्या सगळ्या तिच्यावरून उतरवल्या. फाँट बदलायचा झाला तर तिथल्या स्पेसचा तीन ओळींचा हिशोब पुन्हा करायचा, हे टेम्प्लेटच्या पहिल्या पानावर, छापलं न जाणाऱ्या लेयरवर लिहून ठेवलंय.

सध्या टेम्प्लेटमध्ये पुस्तकाची एक, अंकाची एक आणि तळटीपांची एक अशी मजकुराची स्टाइल आहे, तळटीप १० वर १४. कवितेची अजून झालेली नाही. लांब ओळ खाली मोडली तर दुसरा तुकडा किती आत घ्यायचा यावर कवींचं एकमत नाही. एकांना तो उजव्या कडेला टेकवलेला हवाय, दुसऱ्यांना ओळ मोडलेलीच चालत नाही, अक्षर लहान करा म्हणतात. पुढचा संग्रह छापायला जाईपर्यंत दोन एमची आत घेतलेली ओळ चालवतेय.